दोन टेराबाइट आणि बावन्नावा दिवस

बावन्नाव्या दिवशी संध्याकाळी आत्याचा फोन आला. “अरे, अण्णांची कॅसेट वाजत नाहीये. नाव दिसतंय, ६१२ एमबी लिहिलेलं दिसतंय, पण लावली की म्हणतं फाइल उघडता येत नाही. तुला वेळ आहे का?”

वेळ नव्हता, पण तिचा आवाज ऐकून गेलो.

हे दिवस मी, फाइली साठवायला ऑनलाइन घेतलेला ड्राइव्ह आत्याच्या हातात पडला त्या तारखेपासून मोजतोय. आत्याने ते मोजले नव्हते. विक्रेत्याने मात्र मोजले असणार, असं आता सगळा पत्रव्यवहार पुन्हा वाचताना वाटतं. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून मांडून ठेवतोय, तारखांसकट, कारण या फसवणुकीत वस्तूइतकाच कॅलेंडरचा हात होता.

आत्या निवृत्त झाल्यापासून एकच काम घेऊन बसली आहे. अण्णा, म्हणजे तिचे वडील आणि माझे आजोबा, कॅसेटवर बोलून ठेवायचे. पत्रं वाचून दाखवायचे, जुन्या गोष्टी सांगायचे, मध्येच कुणाला तरी पाणी मागायचे. त्या सगळ्या कॅसेट संगणकावर घ्यायच्या, घरातले जुने फोटो स्कॅन करायचे, फोनमधले व्हिडिओ एकत्र करायचे आणि भावंडांना एकेक प्रत द्यायची, असा बेत. लॅपटॉप भरला, फोन भरला. मग दोन टेराबाइटचा, म्हणजे साधारण दोन हजार जीबीचा, बाहेरून जोडायचा ड्राइव्ह ऑनलाइन शोधला गेला.

खरेदी करताना ती बेसावध नव्हती. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर घरातल्या प्रत्येकाने तिला सुनावलं. तिने तारे पाहिले: ४.६. रिव्ह्यू पाहिले: तीन हजारांच्या वर. विक्रेत्याच्या नावाखाली ९६ टक्के ग्राहक समाधानी असल्याचं लिहिलं होतं. खरेदीदाराच्या पैशाला संरक्षण असल्याची हिरवी पट्टी होती. पैसे तिने कार्डाने, त्या ऑनलाइन बाजाराच्या आतच भरले, बाहेर कुठे पाठवले नाहीत. किंमत मात्र नावाजलेल्या कंपन्यांच्या जेमतेम चौथा हिस्सा होती, आणि तिथे ती अडखळली होती. म्हणून तिने मला लिंक पाठवली, “घेऊ का?” मी मीटिंगमध्ये होतो. लिंक न उघडता अंगठा पाठवला.

तो अंगठा अजून चॅटमध्ये आहे.

आलं, जोडलं, चाललं

ऑर्डरनंतर एकोणिसाव्या दिवशी पाकीट आलं. आत ॲल्युमिनियमचं देखणं कवच, हाताला बऱ्यापैकी जड. लॅपटॉपला जोडलं, लगेच ओळखलं गेलं, क्षमता १.९५ टेराबाइट दिसली. आत्या खूश. ॲपने विचारलं, वस्तू मिळाली का? तिने ‘मिळाली’ दाबलं. दुसऱ्या दिवशी ॲपने रिव्ह्यू मागितला, तिने पाच तारे दिले आणि लिहिलं, “पॅकिंग सुंदर, वेळेत आलं.” अशा बाजारांत ग्राहकाचे पैसे बहुधा मधल्या कंपनीकडे थांबलेले असतात. ‘मिळाली’ दाबलं, किंवा न दाबता ठरावीक दिवस उलटले, की ते विक्रेत्याकडे सुटतात. आत्याने ती कडी पहिल्याच दिवशी काढून दिली. आपण सगळेच काढतो, वस्तू समोर असताना नाही कशाला म्हणायचं?

त्या १.९५ वर कुणी थांबलं असतं तर तिथेच संशय आला असता. ड्राइव्ह बनवणारे दोन टेराबाइट म्हणजे दोनावर बारा शून्यं इतके बाइट धरतात. विंडोज तेच माप १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून अस्सल दोन टेराबाइटचा ड्राइव्ह तिथे १.८१ दिसतो. ग्राहकाला हा फरक नेहमी खटकतो, ‘दोन म्हणाले आणि कमीच दिले’ अशी तक्रार असते. आत्याचा ड्राइव्ह दोनाच्या जास्त जवळ होता, म्हणून तो उलट जास्त प्रामाणिक वाटला.

पहिल्या तीस दिवसांत तिने ४१ जीबी टाकले. सगळं व्यवस्थित. टाकलेली प्रत्येक फाइल ती लगेच लावून बघायची, पहिलं अर्धं मिनिट ऐकायची, मग पुढची. तक्रार करायची मुदत तीस दिवसांची होती. ती शांतपणे संपली.

बावन्नाव्या दिवसाचा लॅपटॉप

मी पोचलो तेव्हा पडद्यावर फोल्डरांची रांग होती. आत्याची शिस्त फार: वर्ष, मग कॅसेटचा नंबर, मग बाजू. जुनी फोल्डरं उघडत होती, आवाज येत होता. साधारण दोन आठवड्यांपूर्वीपासूनच्या गोष्टी बिघडल्या होत्या, आणि बिघाडाचे दोन प्रकार होते. जुन्या फोल्डरात नव्याने टाकलेल्या फाइलींची नावं दिसत होती, आकारही बरोबर, पण एकही उघडत नव्हती. त्या दिवसांत नव्याने बनवलेली फोल्डरं तर फोल्डर म्हणूनच उघडत नव्हती.

मी ६१२ एमबीची ती फाइल कच्च्या आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्रामात उघडली. शून्य शून्य, शून्य शून्य, शून्य शून्य. खाली सरकवत गेलो. पानंच्या पानं शून्यं. कॅसेटच्या रिकाम्या भागातही थोडी खरखर असते, इथे तीही नव्हती.

“म्हणजे पुसलं गेलं?” आत्याने विचारलं.

“लिहिलंच गेलं नव्हतं.”

हे समजायला एक गोष्ट माहीत असावी लागते: ड्राइव्हची क्षमता संगणक मोजत नाही, विचारतो. आतली कंट्रोलर चिप जो आकडा सांगेल तो तो खरा मानतो. चिपमधला प्रोग्राम बदलून ६४ जीबीच्या मेमरी कार्डाला दोन टेराबाइट असल्याचं बोलायला शिकवता येतं. मग साठेक जीबीपर्यंत सगळं खरोखर लिहिलं जातं. त्यापुढचं आलं की चिप ‘लिहिलं’ म्हणते आणि टाकून देते. फाइलींच्या नावांची आणि जागांची यादी ड्राइव्हच्या सुरुवातीच्या भागात असते, म्हणजे खऱ्या जागेत. त्यामुळे नावं शाबूत राहतात आणि मजकूर जातो. नवीन फोल्डर बनवलं तर त्याची स्वतःची यादी मात्र खोट्या जागेत जाऊन पडते, म्हणून ते उघडतच नाही. लॅपटॉपवरचे बिघाडाचे ते दोन्ही प्रकार यातूनच आले होते.

आणि आत्या तर प्रत्येक फाइल लगेच लावून बघत होती, तिला कसं कळलं नाही? नुकतीच कॉपी केलेली फाइल संगणक बहुतेक वेळा स्वतःच्या मेमरीतून वाजवतो, ड्राइव्हकडे जातच नाही. ती ऐकत होती तो आवाज लॅपटॉपच्या रॅममधला होता. दुसऱ्या दिवशी तीच फाइल लावली असती तर कळलं असतं. पण काल नीट वाजलेली फाइल आज पुन्हा कोण लावतं?

आधी मी ड्राइव्हवर काहीही न लिहिता, जेवढं वाचता येतंय तेवढं दुसरीकडे उतरवून घेतलं. हा क्रम महत्त्वाचा. अशा ड्राइव्हची चाचणी बहुधा त्यावर लिहूनच होते, आणि घाईने चाचणी करणारा उरलंसुरलंही घालवून बसतो. मग ‘एफ३’ नावाचं मोफत साधन चालवलं. बनावट मेमरी पकडण्यासाठीच ते लिहिलेलं आहे. विंडोजवर याच कामासाठी ‘एच२टेस्टडब्ल्यू’ पुष्कळ वर्षं वापरलं जातं. तो प्रोग्राम पूर्ण ड्राइव्ह लिहून वाचतो, आणि या ड्राइव्हचा वेग सेकंदाला आठ एमबी होता. त्या हिशेबाने दोन टेराबाइट नुसते लिहायलाच जवळजवळ तीन दिवस लागले असते. एफ३ मधली झटपट चाचणी ठरावीक जागी लिहून बघते, ती काही मिनिटांत संपली. निकाल आला: ड्राइव्ह बनावट, प्रकार ‘लिम्बो’, जाहीर क्षमता १.९५ टेराबाइट, वापरण्याजोगी ५९ जीबी.

लिम्बो हा एफ३ चा पारिभाषिक शब्द आहे: मर्यादेपलीकडचं लिखाण अधांतरी सोडून देणारा ड्राइव्ह. दुसरा प्रकार ‘रॅपअराउंड’, त्यात मर्यादा ओलांडली की लिखाण पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होतं आणि जुनं पुसत जातं. त्या मानाने आत्याचं नशीब बरं, असं मी म्हणालो. तिला ते आवडलं नाही.

मग कवच उघडलं. दोन्ही टोकांची प्लॅस्टिकची झाकणं नखाने निघाली. आतून अंगठ्याएवढी हिरवी पट्टी बाहेर आली, तिच्यावर एक मायक्रोएसडी कार्ड, वरून गरम गोंदाचा पांढुरका ठिपका. उरलेल्या पोकळीत लोखंडाचा एक चपटा तुकडा दुहेरी टेपने चिकटवलेला होता. वजनासाठी. आत्याने तो तुकडा हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाली, “यासाठी वेगळा माणूस बसवला असेल ना रे? टेप लावायला?”

हिशेब

तिने एकूण ९७ जीबी टाकले होते. ५९ वाचले, ३८ गेले. त्यात अठरा कॅसेट होत्या. त्या पुन्हा चालवून पुन्हा उतरवता येणार होत्या, फक्त वेळ जाणार होता. उरलेले फोनवरचे व्हिडिओ. फोन मोकळा करायचा हाच उद्देश असल्याने ते टाकल्यावर तिने फोनमधून काढून टाकले होते. इथे एक मुदत आमच्या बाजूने निघाली. फोनमधलं ‘नुकतंच काढलेलं’ साधारण तीस दिवस तसंच राहतं, आणि फाइलींच्या तारखांवरून पाहता ड्राइव्हने मर्यादा ओलांडली अडतिसाव्या दिवशी. म्हणजे चौदाच दिवस झाले होते. बहुतेक व्हिडिओ परत आले. एका दुपारी मात्र फोनने जागा संपल्याचं सांगितलं म्हणून तिने ती कचरापेटीही रिकामी केली होती. त्या दिवशीचे तेवीस व्हिडिओ गेले.

ते तेवीस कुठले, याची यादी तिने वहीत करून ठेवली आहे. मी वाचली नाही.

रिव्ह्यू पुन्हा वाचले

त्या रात्री मी विक्रीचं पान तारखेप्रमाणे लावून वाचलं, जे काम लिंक आली तेव्हा करायला हवं होतं. सर्वात जुने दोन हजारांहून अधिक रिव्ह्यू फोनच्या कव्हरचे होते. “रंग फोटोतल्यासारखाच”, “कॅमेऱ्याचं भोक बरोबर बसतं.” कव्हर विकून कमावलेलं पान, त्यावर वस्तू बदलून ड्राइव्ह बसवलेला. याला ‘रिव्ह्यू हायजॅकिंग’ म्हणतात. वेगवेगळ्या वस्तू एकाच वस्तूचे प्रकार असल्याचं भासवूनही हेच साधता येतं. ग्राहकसंरक्षण पाहणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये यावर पहिली कारवाई केली, ती जीवनसत्त्वाच्या गोळ्या वगैरे विकणाऱ्या एका कंपनीवर होती आणि ६ लाख डॉलर भरून मिटली. म्हणजे हे फुटकळ भामट्यांचंच तंत्र आहे असंही नाही.

कव्हर बाजूला काढली तरी चारेकशे रिव्ह्यू खरोखर ड्राइव्हचे होते, आणि मला जास्त अस्वस्थ त्यांनी केलं. ते खोटे वाटत नव्हते. बहुतेक पहिल्या आठवड्यात लिहिलेले: लवकर आला, दिसायला छान, लगेच ओळखला गेला, दोन टेराबाइट दाखवतो. त्यांतच आत्याचे पाच तारे. लिहिणारी माणसं खरी, खरेदी खरी, समाधानही खरं. एक तारा देणारे डझनभर होते, आणि जवळपास सगळ्यांची सुरुवात एकच: “दोन महिन्यांनी लिहितोय.” ते तळाशी होते.

अनोळखी माणसांनी एकमेकांबद्दल अभिप्राय लिहावेत आणि त्यावर बाजार चालावा, ही कल्पना ईबे या ऑनलाइन लिलावाच्या कंपनीने १९९६ मध्ये आणली. १९९५ मध्ये सुरू झालेल्या त्या संकेतस्थळावर भांडणं इतकी व्हायला लागली की संस्थापक पिएर ओमिद्यार यांनी ती लोकांवरच सोपवली. पुढे पॉल रेझनिक आणि रिचर्ड झेकहाउझर या संशोधकांनी ईबेवरचे १९९९ मधले व्यवहार तपासले, तर अभिप्राय साधारण निम्म्याच खरेदीदारांनी दिलेले आणि त्यांत नकारात्मक एक टक्क्याहूनही कमी. तेव्हापासून रिव्ह्यू बघताना मनात एक गृहीत धरलेलं असतं, की लिहिणाऱ्याने वस्तू वापरली आहे.

फिलिप नेल्सन या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये वस्तूंची विभागणी केली: घेण्याआधी पाहून कळणाऱ्या आणि वापरून कळणाऱ्या. १९७३ मध्ये डार्बी आणि कार्नी या दोन अर्थतज्ज्ञांनी तिसरा वर्ग जोडला, वापरूनही ज्यांचा दर्जा सामान्य ग्राहकाला कळत नाही अशा. गाडीची दुरुस्ती, डॉक्टरचा सल्ला ही नेहमीची उदाहरणं. हा ड्राइव्ह मला त्याच वर्गात टाकावासा वाटतो, एका फरकासह: तो कळतो, पण उशिरा. आणि तो उशीर किती असेल याचा अंदाज विकणाऱ्याला असतो. घरगुती वापरात साठ जीबी भरायला माणसाला महिना-दोन महिने लागतात. विक्रेत्याने १६ जीबीचं कार्ड बसवलं असतं तर पैसे आणखी वाचले असते, पण बिंग आठवड्यात फुटलं असतं. ६४ चं कार्ड निवडण्यामागे तीस दिवसांचा हिशेब होता असं मी सिद्ध करू शकत नाही. मला तसं वाटतं, एवढंच.

सव्वीस दिवसांचा पत्रव्यवहार

त्रेपन्नाव्या दिवशी आत्याने विक्रेत्याला लिहिलं. उत्तर सहा तासांत आलं, अत्यंत गोड. प्रिय मित्रा, काळजी करू नका, आम्ही तुमच्यासोबत आहोत. ड्राइव्ह एकदा फॉरमॅट करून बघा.

फॉरमॅट करायला मी तिला ठाम नाही सांगितलं. फॉरमॅट केलं की तिच्या फाइलींची यादीही जाते आणि आमचा पुरावाही. ग्राहक बिचारा मदत मिळतेय असं समजून स्वतःच्या हाताने तो पुसतो.

चार दिवसांनी दुसरं उत्तर: पंधरा टक्के पैसे परत देतो, वस्तू ठेवून घ्या. आत्या नाही म्हणाली. मग तीस टक्के. मग सुट्ट्या लागल्या, दहा दिवस शांतता. मग पन्नास टक्के, पण आधी पान उघडून रिव्ह्यू पाच ताऱ्यांचाच ठेवा. (तो पाच ताऱ्यांचाच होता, तिने अजून बदलला नव्हता, मी तिला तेव्हाच बदलायला लावला.) मग अचानक, पूर्ण पैसे देतो, वस्तू परत पाठवा. पत्ता दुसऱ्या देशातला, टपालखर्च तुमचा, आणि तो खर्च वस्तूच्या किमतीच्या दुपटीहून जास्त.

आत्या यातल्या प्रत्येक पायरीला थोडी थोडी पाघळत होती, हे मी बघत होतो. “बोलतोय तरी ना तो. काहींचा तर फोनच लागत नाही.” मला उलटं वाटत होतं. पळून गेलेल्या विक्रेत्याविरुद्ध माणूस लगेच पुढची पायरी चढतो. उत्तर देणाऱ्याची वाट बघतो. मी आठवडाभर हेच घोकत होतो, पण पुढे काय करायचं हे मलाही नीट माहीत नव्हतं, म्हणून माझं म्हणणं नुसतीच कुरकुर वाटत असणार.

दरम्यान बाजाराच्या मदत विभागाने एका ओळीत कळवलं होतं, की तक्रारीची मुदत तिसाव्या दिवशी संपली आहे. पुरावे जोडले, चाचणीचा निकाल जोडला, लोखंडाच्या तुकड्याचा फोटो जोडला. तीच ओळ पुन्हा आली. माझा राग विक्रेत्यापेक्षा इथे जास्त आहे. भामटा भामटेपणा करणार. पण ज्या कंपनीच्या छपराखाली तो बसलाय, जी त्याच्याकडून कमिशन घेते आणि जिच्याकडे ‘दोन महिन्यांनी लिहितोय’ असे डझनभर रिव्ह्यू पडून आहेत, तिला वस्तूच्या प्रकाराप्रमाणे मुदत ठरवता येत नाही, हे मला पटत नाही.

दुसरं घड्याळ

ऐंशीव्या दिवशी मला आठवलं की पैसे कार्डाने भरलेत.

कार्डावरचा व्यवहार उलटवण्याची, म्हणजे चार्जबॅकची, सोय बाजाराच्या मदत विभागावर अवलंबून नसते. ती आपली बँक आणि कार्डाचं जाळं यांच्या नियमांनी चालते. अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे क्रेडिट कार्डावरच्या खरेदीत ग्राहकाला दाद मागू देणारे कायदे १९७४ सालचे आहेत, पण जिथे असा कायदा नाही तिथेही व्हिसा आणि मास्टरकार्ड यांचे आपापले नियम लागू असतातच. वस्तू वर्णनाशी जुळत नसेल तर ती मिळाल्यापासून साधारण १२० दिवस. काही बँका स्वतःची मुदत त्याहून कमी ठेवतात. आमच्याकडे हिशेबाने चाळीस दिवस उरले होते. विक्रेत्याच्या प्रेमळ पत्रांनी सव्वीस खाल्ले होते.

आत्याने उत्साहात माझी वाट न बघता बँकेला फोन केला आणि सांगितलं, “माझ्या कार्डावर फ्रॉड झालाय.” पलीकडच्या मुलीने तत्परतेने कार्ड बंद केलं, नवीन कार्ड पाठवायची सोय केली आणि ‘हा व्यवहार मी केलेला नाही’ या सदराखाली तक्रार नोंदवली. तिची काही चूक नाही. बँकेच्या भाषेत फ्रॉड म्हणजे कार्ड चोरून वापरणं. पण आत्याने व्यवहार स्वतः केला होता, तिच्याच पत्त्यावर वस्तू आली होती, तिने ‘मिळाली’ दाबलं होतं. ती तक्रार तशीच पुढे गेली असती तर पहिल्याच तपासणीत पडली असती, वर आत्या खोटं बोलली असं दिसलं असतं. तीन दिवस घालवून ती मागे घेतली आणि ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ या सदरात नव्याने भरली. व्हिसाच्या यादीत त्याचा क्रमांक १३.३, मास्टरकार्डकडे ४८५३. शेजारीच १३.४ आहे, बनावट मालाचं. मोह झाला, पण तिथे अस्सल ब्रँडच्या मालकाचं किंवा एखाद्या तज्ज्ञाचं, अधिकाऱ्याचं म्हणणं जोडावं लागतं, आणि आमच्या ड्राइव्हवर ज्या कंपनीचं नाव होतं ती मुळात कुठे अस्तित्वात होती असंच वाटत नव्हतं. कुणाची नक्कल म्हणायची?

फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: वस्तू परत करण्याचा प्रयत्न केला का? आणि इथे तो सव्वीस दिवसांचा पत्रव्यवहार कामाला आला. आत्याने परतीची तयारी लिहून कळवली होती, परतीचा खर्च त्यांनी द्यावा म्हटलं होतं, त्यावर उत्तर आलं नव्हतं. सगळं बाजाराच्या चॅटमध्येच होतं, तारखांसकट. मध्ये एकदा विक्रेत्याने दुसऱ्या मेसेजिंग ॲपवर बोलू म्हणून नंबर दिला होता. आत्या गेली नाही, तिला नवीन ॲप टाकायचा कंटाळा आला. त्या कंटाळ्याचे आभार.

आम्ही जोडलं ते असं: विक्रीच्या पानाचा पडद्यावरून काढलेला फोटो, ज्यात दोन टेराबाइट स्पष्ट दिसतंय, एफ३ च्या निकालाचा फोटो आणि खाली त्याचा अर्थ साध्या तीन वाक्यांत, उघडलेल्या कवचाचा फोटो, शेजारी मोजपट्टी, आणि पत्रव्यवहार. अण्णांच्या कॅसेटबद्दल आत्याने पानभर लिहिलं होतं. ते मी काढायला लावलं. वाचणाऱ्याला वस्तू आणि वर्णन यांतला फरक हवा असतो, गमावलेल्या फाइलींची भरपाई या वाटेने मिळत नाही. तिने काढलं, पण म्हणाली, “तुला लिहिता येतं म्हणून तू कापतोस.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एक्क्याण्णवाव्या दिवशी बँकेने पैसे तात्पुरते जमा केले. विक्रेत्याच्या बाजूला उत्तर द्यायची मुदत असते, ती संपेपर्यंत ‘तात्पुरते’ हा शब्द खात्यात लटकत राहिला. एकशे अठ्ठेचाळिसाव्या दिवशी कायम झाले. बाजाराने मध्येच आत्याचं खातं ‘तपासणीसाठी’ गोठवलं, तसं होऊ शकतं, बँकेकडे गेलेला ग्राहक त्यांना आवडत नाही. ते आजतागायत तसंच आहे. तिला त्याचं काही वाटत नाही.

विक्रीचं ते पान आता नाही. त्याच फोटोंचा ड्राइव्ह दुसऱ्या नावाने, दुसऱ्या दुकानात दिसतो. चार टेराबाइट.

किमतीबद्दल घरात अजून वाद होतो. काका म्हणतात, चौथ्या हिश्शात मिळतंय तेव्हाच कळायला हवं होतं. खरं आहे, दोन टेराबाइटची चिप त्या भावात बनतच नाही, हे त्या धंद्यातल्या कुणालाही माहीत असतं. पण आत्या त्या धंद्यात नाही, आणि तिने ज्याला विचारलं त्याने अंगठा पाठवला. काकांना मी तो अंगठा दाखवला. त्यावर ते गप्प बसले, म्हणजे माझ्यावर घसरले.

नवीन ड्राइव्ह आम्ही निर्मात्या कंपनीच्या स्वतःच्या विक्रीपानावरून घेतला. आल्यावर आत्याने ‘मिळाली’ दाबलं नाही. लॅपटॉपला जोडला, १.८१ दिसल्याची खात्री केली, वहीत लिहिलं. मग एच२टेस्टडब्ल्यू लावून चार्जर जोडून ठेवला आणि खोलीचं दार लोटून घेतलं. पूर्ण लिहून पूर्ण वाचायला रात्र आणि वर थोडी सकाळ गेली.

साडेनऊला मेसेज आला: “एकही चूक नाही म्हणतंय. टाकू का आता?”

या वेळी मी स्क्रीनचा फोटो मागवला, झूम करून वाचला आणि मग अंगठा पाठवला.